बैरागी योद्धा कधी झाला? बंदा बहादूरवरचा सिनेमा आणि माझं आपटलेलं प्रपोजल

गेल्या महिन्यात पीएच.डी.च्या पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरचा फोन आला. "ताई, ऐतिहासिक सिनेमावर विषय घ्यायचाय. 'सिनेमात किती खरं, किती खोटं' असं चालेल ना?" मला हसूच आलं, कारण माझं पहिलं प्रपोजल नेमकं याच प्रश्नावर आपटलं होतं. तिला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतेय. तयारी करणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

सिनेमा होता 'चार साहिबजादे : राइज ऑफ बंदा सिंह बहादूर'. हॅरी बवेजांनी दिग्दर्शित केलेला अॅनिमेशनपट, नोव्हेंबर 2016 चा. नोटाबंदीचे दिवस होते, सुट्टे कुणाकडेच नव्हते. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधल्या एका सरदारजी काकांनी मला सोबत नेलं. त्यांचं कुटुंब फाळणीनंतर मुलुंडला आलेलं. थिएटरमध्ये ते पूर्ण वेळ हात जोडून बसले होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, "बेटा, तू इतिहास शिकतेस ना? मग नांदेडचं हे तुमच्या मराठी पुस्तकात का नाही?"

त्या प्रश्नातून माझा विषय निघाला. आणि मी पहिली चूक केली.

'हे कोणी पाहिलं?'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. परंपरेनुसार 1670 मध्ये जम्मूकडच्या राजौरीला जन्मलेला लछमनदेव शिकारीत एक गाभण हरिणी मारतो, त्या धक्क्याने घर सोडतो, बैरागी होतो, माधोदास हे नाव घेतो आणि फिरत फिरत नांदेडला गोदावरीकाठी आश्रम थाटतो. त्याला सिद्धी अवगत आहेत असा बोलबाला होतो. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत येतात. ते माधोदासच्या आश्रमात जाऊन त्याच्याच आसनावर बसतात. तो चिडतो, मंत्रतंत्र करून पाहतो, काहीच चालत नाही. शेवटी पायावर डोकं ठेवून म्हणतो, मी तुमचा बंदा. गुरू त्याला बाण, निशाण आणि नगारा देतात, सोबत पाच शीख देतात आणि पंजाबला पाठवतात.

मी प्रपोजलच्या पहिल्याच परिच्छेदात हा प्रसंग तारखेसकट, घडलेली घटना म्हणून लिहिला होता. गाईड मॅडमनी समासात पेन्सिलीने तीनच शब्द लिहिले : 'हे कोणी पाहिलं?' आणि कागद परत दिला. सहा महिन्यांचं काम होतं. त्या दिवशी कलिनाहून घरी येताना लोकलमध्ये मी अक्षरशः रडले. पण तो प्रश्न योग्यच होता.

सोर्सची वयं मोजा

मग मी एक साधं काम केलं. वहीत उभी रेघ मारली. डावीकडे घटना आणि साल, उजवीकडे ती सांगणारा कागद आणि त्या कागदाचं साल. तुम्हीही करून बघा, अर्धं डोकं तिथेच साफ होतं.

गुरू गोविंदसिंगांचा मृत्यू नांदेडला 7 ऑक्टोबर 1708 रोजी झाला. बंदाने समाना लुटलं ते नोव्हेंबर 1709 मध्ये. 12 मे 1710 ला चप्पडचिडीच्या लढाईत सरहिंदचा फौजदार वजीरखान मारला गेला. गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना मारवणारा तो हाच. त्यानंतर सरहिंद पडलं आणि दिल्ली दरबार खडबडून जागा झाला. दरबारच्या फार्सी बातमीपत्रांत, म्हणजे अखबारातींत, बंदा ठळकपणे दिसू लागतो तो इथून.

राज्य माणसाची नोंद घेतं ते तो त्रासदायक झाल्यावर. गोदाकाठी ध्यान करणाऱ्या बैराग्याची नोंद कोणता कारकून ठेवणार? म्हणून आसनाचा, मंत्रांचा, संवादांचा हा भरगच्च प्रसंग आपल्याला भेटतो तो बराच नंतरच्या लेखनात. त्यातलं सगळ्यात प्रभावी म्हणजे रतनसिंग भंगूंचा पद्यग्रंथ 'पंथप्रकाश'. तो 1841 साली पूर्ण झाला असं मानतात. म्हणजे घटनेनंतर सुमारे 133 वर्षांनी.

सिनेमा सगळ्यात ठामपणे दाखवतो तो क्षण, बैराग्याचा योद्धा होण्याचा. आणि नेमका तिथेच आपला पुरावा सगळ्यात पातळ आहे. माझ्या थिसिसचा पाया आज हे निरीक्षण आहे.

जोनकडे का बघायचं?

तुलनेसाठी मॅडमनी मला जोन ऑफ आर्क वाचायला लावलं. दर्शनं होणारी शेतकऱ्याची मुलगी, हातात निशाण घेऊन फौजेपुढे गेली, 30 मे 1431 ला रूआँमध्ये जाळली गेली, वय साधारण 19. तिच्यावरही कितीतरी सिनेमे आहेत. पण फरक बघा. तिला आवाज कधीपासून ऐकू येऊ लागले, कोणत्या संतांचे, हे तिने स्वतः खटल्यात सांगितलं आणि तिच्या शत्रूंच्या कारकुनांनी ते लिहून ठेवलं. पुढे तो निकाल रद्द करण्यासाठी पुन्हा चौकशी झाली. शंभराहून अधिक साक्षीदार तपासले आणि 1456 मध्ये निकाल फिरवला. ड्रायरने 1928 च्या मूकपटात फक्त खटला दाखवला आणि त्यासाठी त्या नोंदींचाच आधार घेतला.

जोनच्या बाबतीत 'बदलाचा क्षण' तिच्याच तोंडून, भले शत्रूच्या दफ्तरातून, ऐकता येतो. बंदाच्या बाबतीत तो आपल्याला भक्तांच्या स्मृतीतून ऐकावा लागतो. यातली एक गोष्ट खरी आणि दुसरी खोटी असं यातून ठरत नाही. दोघांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत, एवढंच ठरतं.

जाता जाता : नेट-सेटच्या अभ्यासक्रमात आपण 1708 बिनधास्त 'मध्ययुगीन' खात्यात टाकतो. युरोपात ते खातं साधारण 1500 ला बंद होतं. तुलना करताना हे लेबल तपासून घ्या, व्हायवात हमखास विचारतात.

बंदाचा स्वतःचा आवाज

मग बंदाचं स्वतःचं असं काहीच नाही का? आहे. डिसेंबर 1710 मधला एक हुकूमनामा, जौनपूरच्या संगतीला लिहिलेला, त्याच्या शिक्क्यासह. गंडासिंग यांनी तो प्रकाशित केला आहे. त्यात काय आहे? खालसाच्या रीतीने वागा, भांग-तंबाखूपासून दूर राहा, शस्त्रं बांधून या, सत्ययुग आणलं आहे. चमत्कार नाहीत, सिद्धी नाहीत. एक शिस्त लावणारा नेता दिसतो, आणि त्याचं राजकारण धर्माच्याच भाषेत बोलतं.

त्याच महिन्यात बहादूरशहाच्या दरबारातून हुकूम सुटतो की नानकाचे अनुयायी सापडतील तिथे मारा. एकाच महिन्यातले हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या हातात खरंच काहीतरी आहे. बैरागी योद्धा 'झाला' का, हा प्रश्नच बाजूला पडला. धर्म सोडून तलवार धरली असं त्या हुकूमनाम्यात कुठे दिसतच नाही. दोन्ही एकाच वाक्यात आहेत.

मग खाफीखान. शिवकाळासाठी आपण ज्याला सतत वापरतो तोच. शिवाजी महाराजांना शिव्या देता देता त्यांच्या चांगल्या वागण्याची कबुली देणारा. तो बंदाबद्दलही विषारी लिहितो, त्याच्या फौजेत खालच्या जातींचे लोक होते म्हणून नाक मुरडतो. पण लोहगडच्या वेढ्यात एक जण बंदाचा वेश घेऊन मागे थांबला आणि खरा बंदा निसटला, हेही तोच सांगतो. शत्रूचा साक्षीदार असा वाचायचा असतो : त्याची विशेषणं बाजूला ठेवायची, त्याच्या हातून सुटलेले तपशील उचलायचे.

शेवटची साक्ष तर ना शिखांची, ना मोगलांची. डिसेंबर 1715 मध्ये गुरदास नंगलचा वेढा संपला आणि बंदा पकडला गेला. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचे वकील जॉन सरमन आणि एडवर्ड स्टीफन्सन फर्रुखसियरच्या दरबारात फर्मान मिळवण्यासाठी दिल्लीत बसले होते. 10 मार्च 1716 च्या पत्रात ते कळवतात की सुमारे 780 कैदी आणले आहेत, रोज शंभर जणांची डोकी उडवली जातात आणि एकानेही धर्म सोडल्याचं दिसलं नाही. व्यापारी माणसं, त्यांना ना बंदाचं प्रेम ना द्वेष. म्हणून त्या पत्राचं वजन जास्त. बंदाला 9 जून 1716 रोजी मारलं, त्याच्या लहान मुलासह.

मग विषय काय ठरला?

'किती खरं, किती खोटं' हा विषय मी सोडला. आताचा प्रश्न असा आहे : नांदेडचा तो प्रसंग कोणाला, केव्हा आणि का लागला? भंगूंना एका कारणासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भाई परमानंदांना वेगळ्या, त्यांच्यासाठी तो 'वीर वैरागी' होता. 1935 मध्ये समकालीन कागदांवरून चरित्र लिहिणाऱ्या गंडासिंगांसाठी तो पाहुल घेतलेला शीख, 'बंदा सिंह'. आणि 2016 च्या थ्री-डी सिनेमाला अजून वेगळ्या. आपण मराठीत सर्रास 'बंदा बैरागी' म्हणतो, तीही एक बाजूच आहे हे मला फार उशिरा कळलं. नाव लिहितानाच आपण पक्ष घेतलेला असतो. म्हणून प्रपोजलच्या पहिल्या पानावर मी आता तळटीप देते की मी कोणतं नाव का वापरते.

मागच्या वर्षी ठाण्याहून तपोवन एक्सप्रेस पकडून नांदेडला गेले. काकाही आले. दिवसभराचा प्रवास, पूर्ण वाटेत ते माझे पराठे संपवत होते आणि मी त्यांना सोर्सची वयं समजावत होते. बंदा घाटाच्या गुरुद्वाऱ्यात माथा टेकून झाल्यावर आम्ही गोदावरीकडे बघत बसलो. काकांनी सरळ विचारलं, "मग बेटा, तुझ्या कागदांनी काय ठरवलं? आमची गोष्ट खोटी?"

मी म्हटलं, "नाही काका. तुमची गोष्ट कोणी, कशी सांभाळून ठेवली ते मी शोधतेय."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्या आजीने सांभाळली. लिही तिचं." माझ्या तिसऱ्या प्रकरणात आता मौखिक मुलाखती आहेत, त्या यामुळे.

तर ज्युनियर मंडळींनो, सिनेमावर विषय घ्या, जरूर घ्या. फक्त एक काम आधी करा. तुमच्या सिनेमातला सगळ्यात आवडता सीन निवडा. वहीत उभी रेघ मारा. तो सीन सांगणारा सगळ्यात जुना कागद कोणता, त्याचं साल काय आणि लिहिणारा तेव्हा कुठे होता, हे तीन रकाने भरा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका. त्या रिकाम्या रकान्याबद्दलच एक पान लिहा आणि गाईडकडे तेच पान आधी घेऊन जा.