फेरफार नोंदवही व प्रतिलिपीचा प्रश्न : डहाणू-तलासरीच्या जमीनदफ्तरासंबंधी एक टिपण

संगणकातील माहितीसाठ्याची राखीव प्रत केव्हा काढावी, हा प्रश्न आधुनिक मानला जातो. वास्तविक गावदफ्तराला तो पूर्वीच पडला होता. संपूर्ण दफ्तर वारंवार उतरविणे शक्य नसते; म्हणून मागील प्रतीनंतर काय बदलले, एवढेच प्रथम पाहावे लागते.

मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली व 1913 मध्ये ती जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाली. मूळ हक्कपत्रकात परस्पर खाडाखोड न करता प्रत्येक बदल प्रथम फेरफार नोंदवहीत अनुक्रमांकाने लिहावा, हे तिचे मर्म होय. नोंद प्रमाणित होईपर्यंत हक्कपत्रकात ती पेन्सिलने राही. नंतर शाई लागे. पत्रकाच्या पुनर्लेखनाच्या वेळी जुनी प्रत व मधले फेरफार यांवरून नवी प्रत सिद्ध होई.

परंतु ही वही मुख्यतः कळविलेला बदल जाणते. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही हक्क संपादन करणाराने तीन महिन्यांत वर्दी द्यावी, असेच म्हटले आहे. कर्जापायी वारल्याची जमीन सावकाराकडे गेली आणि वर्दीच नसली, तर कागद निश्चल राही. त्यासाठी दुसरा उपाय म्हणजे पीकपाहणी. सातव्या नमुन्यातील नाव आणि शेतात प्रत्यक्ष कसणारा यांची तीत गाठ पडते. तफावत दिसली की न कळविलेला बदल उघड होतो. अर्थात पाहणी चावडीत बसून झाली, तर हाही पहारा व्यर्थच.

या भेदाचे मोल 1974 च्या अधिनियमाने दाखविले. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची त्यात तरतूद होती. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील (2014 पासून पालघर) डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत तिचे महत्त्व उघड होते. जमीन कोणाची आहे, एवढे सांगणारा उतारा अशा दाव्यास अपुरा पडे. ती केव्हा व कोणाकडून गेली, हे सांगणारा फेरफारच निर्णायक ठरे.

संगणकशास्त्रातही हेच दोन मार्ग आढळतात : बदलांची क्रमवार नोंद आणि मूळ साठ्याशी प्रत्यक्ष ताळा. पहिला स्वस्त, पण नोंदीबाहेरच्या बदलांपुढे आंधळा. दुसरा खर्चिक, पण स्वतंत्र. सारांश, केवळ प्रत जपणे पुरेसे नाही. बदलाची तारीख हरवली, तर कोणत्या स्थितीकडे परतावयाचे, हेच ठरविता येत नाही.