शिळे आणि उष्टे : सणाच्या ताटामागचा एक इतिहास

१/
मुळशी तालुक्यातील कासारसाई. हिंजवडीच्या आयटी पार्कपासून जवळच असलेल्या या गावच्या धरणाकाठी शनिवार-रविवारी तंबू लागतात, शेगड्या पेटतात, निखाऱ्यांवर मांस भाजले जाते. लोक हौसेने खातात, उरलेले डब्यात भरून घरी नेतात. निखाऱ्यावरचे मांस आणि उरलेले अन्न या दोन्ही गोष्टींना महाराष्ट्रात आणखी एक इतिहास आहे. काही घरांत त्याची आठवणही नकोशी वाटते. त्या नकोसेपणाविषयी हा धागा.

२/
आरंभ भाषेपासून करू. जेवणानंतर जे उरते त्याला मराठीत दोन शब्द आहेत : शिळे आणि उष्टे. शिळे म्हणजे काल शिजवलेले. उष्टे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचे, दुसऱ्याच्या ताटातले. संस्कृत ‘उच्छिष्ट’पासून आलेला हा शब्द. पहिला शब्द वेळ सांगतो, दुसरा नाते सांगतो. पुढील सर्व इतिहास या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे.

३/
शिळ्याला मराठी घराने कधीच कमी लेखले नाही. फोडणीचा भात, फोडणीची पोळी, ताकात कुस्करलेली शिळी भाकरी हे आवडीचे पदार्थ आहेत. श्रावणातील शिळा सप्तमीला तर चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचेच खायचे, असा आचार आहे. घरातले अन्न घरातल्याच माणसाने दुसऱ्या दिवशी खाल्ले, तर त्यात कमीपणा कसला?

४/
सणाच्या मांसाचेही तेच. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांच्या जत्रेत पहिला दिवस गोडाचा, पुरणपोळीच्या नैवेद्याचा. दुसरा दिवस तिखटाचा, मटणाचा. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेले गावकरी त्या दिवशी परततात, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांना आग्रहाने वाढले जाते. उरलेला रस्सा दुसऱ्या सकाळी अधिकच मुरतो आणि शिळ्या भाकरीबरोबर संपतो. हे शिळे आनंदाचे असते.

५/
परंतु याच गावगाड्यात काही घरांपर्यंत सणाचे अन्न वेगळ्या वाटेने पोहोचत असे. गावच्या वेशीवर राखण करणे, सरकारी निरोप पोहोचवणे, हद्दीच्या खुणा दाखवणे, मेलेले जनावर ओढून नेणे ही कामे महार समाजाकडे वंशपरंपरेने होती. मोबदल्यात वतनाची थोडी जमीन, सुगीत खळ्यावरून मिळणारे बलुत्याचे धान्य आणि घरोघरची भाकरी.

६/
ही भाकरी गोळा करण्याची पाळी ज्याच्याकडे असे तो येसकर. दिवेलागणीला हाती काठी घेऊन तो दारोदार फिरे. उंबऱ्याबाहेर उभे राहून हाक द्यायची आणि वरून टाकलेले तुकडे झोळीत झेलायचे. काही दारी ताजी भाकरी पडे, बहुतेक दारी शिळी, उरलीसुरली. लग्नाच्या पंगती उठल्यावरचे अन्नही याच वाटेने जाई. इथे शिळे आणि उष्टे यांतील भेद पुसला जात असे. घेणाऱ्याला तो करण्याची मुभाच नव्हती.

७/
मेलेल्या जनावराचेही तसेच. गावात बैल किंवा म्हैस मेली की ती ओढून नेणे हे महारांचे काम आणि तिचे मांस हा त्यांचा वाटा. एवढे मांस एक-दोन दिवसांत संपणे अशक्य. मग त्याच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवत. या वाळलेल्या पट्ट्या म्हणजे चान्या. पुढे पावसाळ्यात किंवा कामाच्या तुटवड्यात त्या निखाऱ्यावर भाजून अथवा डाळीत शिजवून खाल्ल्या जात.

८/
यातील कौशल्य नजरेआड करता येत नाही. बर्फ नाही, पेटी नाही, तेल-मसाला बेताचा. तरीही अन्न महिनोन्‌महिने टिकवायचे. मांस वाळवण्याची हीच युक्ती जगात अनेक समाजांनी शोधली. फरक इतकाच की, इतरत्र जनावर खाण्यासाठी मारले जाई. इथे ते स्वतःच्या वेळेने, पुष्कळदा रोगाने वा म्हातारपणाने मरे, आणि ज्याच्या गोठ्यात मरे तो त्याला हात लावीत नसे.

९/
इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कागदोपत्री हे सारे ‘हक्क’ म्हणून नोंदले गेले. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी परंपरा सांगितली जाई. दसऱ्याला रेड्याचा बळी दिला जाई, त्यातील मान आणि मांसाचा वाटा हाही प्रतिष्ठेचा विषय असे. अशा हक्कांवरून महार आणि मांग या समाजांत तंटे झाल्याचेही उल्लेख मिळतात. म्हणजे ज्या वाट्यासाठी पूर्वज भांडले, त्याचाच पुढच्या पिढीने त्याग केला. हे कसे घडले?

१०/
१९ आणि २० मार्च १९२७. महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याकडे निघालेला मोर्चा सर्वांना ठाऊक आहे. तळ्याच्या पाण्याइतकाच अन्नाचा प्रश्नही त्या परिषदेत होता, हे मात्र कमी सांगितले जाते. अध्यक्षीय भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आणि उष्ट्या तुकड्यांवर जगणे थांबवण्याचे आवाहन केले.

११/
परिषदेच्या ठरावांत आणखी एक मागणी होती : सवर्णांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत. वरवर साधी दिसणारी ही मागणी गावगाड्याच्या मुळाशी जाणारी होती. मांस न खाणे हा एका माणसाचा निर्णय असू शकतो. जनावर न ओढणे म्हणजे मात्र गावाने लादलेले काम नाकारणे. ताट बदलायचे तर काम बदलावे लागणार होते.

१२/
त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद झाली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्यानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला. लुगडे नेसण्याची पद्धत, दागिने, मुलींचे शिक्षण हे विषय त्यात होते आणि घरातील आहारही होता. चूल ज्यांच्या हाती होती त्यांच्याशी थेट बोलल्याशिवाय हा त्याग टिकणारा नव्हता.

१३/
या त्यागाची किंमत मोठी होती. ज्या गावांत महारांनी मेलेली जनावरे ओढणे थांबवले, तेथे बहिष्कार पडले : मजुरी बंद, दुकानातून माल बंद, बलुते बंद. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकातून खेड्यापाड्यांतील छळाला वाचा फुटली. ज्यांच्या घरी आधीच अन्न कमी होते, त्यांनी असलेल्या अन्नातले एक अन्न स्वतःहून सोडले. पोट भरलेल्या माणसाच्या उपवासाशी याची तुलना होऊ शकत नाही.

१४/
हे शक्य होण्यामागे रोख पगाराचाही हात होता. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे, गोदी. पुण्याच्या बाजूला १८६९ मध्ये सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना, पुढे देहूरोडचा लष्करी डेपो. ज्याच्या घरात महिन्याला पैसे येऊ लागले, त्याला येसकराच्या भाकरीला नकार देणे थोडे सोपे झाले. याच देहूरोडला, कासारसाईपासून फार दूर नसलेल्या वस्तीत, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली.

१५/
या त्यागात तोटा आहे, असे सांगणारेही होते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. मेलेल्या जनावरांची कातडी, शिंगे, हाडे यांतून वर्षाला पाचशे रुपये मिळतात, ते हे लोक गमावतात, असा हिशेब वृत्तपत्रातून मांडला गेला होता. त्यावर त्यांचे उत्तर असे होते की, लाभ एवढा असेल तर हिशेब मांडणाऱ्यांनीच ते काम करावे, वरचे पाचशे रुपये मी देतो. प्रश्न इज्जतीचा होता. हिशेबाच्या वहीत त्याला रकाना नव्हता.

१६/
कायदा मागून आला. वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले होते. महार वतने प्रत्यक्षात संपली ती १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने. महाडच्या आवाहनानंतर तीन दशकांनी. तोवर असंख्य घरांनी आपल्या ताटाचा निर्णय आपणच घेतलेला होता.

१७/
नकोसे झालेले अन्न केवळ एका समाजाच्या आठवणीत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकी लाल ज्वारी, म्हणजे मिलो, आणि दुष्काळी कामांवरची सुकडी ही नावे त्या पिढीत अजूनही निघतात. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. मिलोने जीव वाचवले. तरी चांगली ज्वारी पिकू लागल्यावर तिची भाकरी पुन्हा मागून खाणारा विरळा.

१८/
नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन ताब्यातील शहरांत, लोकांनी ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. तो हिवाळा सरला, कंद पुन्हा बागेत गेले. दुष्काळ आणि युद्ध यांना शेवट असतो, आणि त्यांच्या आठवणी सर्वांसमक्ष सांगता येतात. गावकुसाबाहेरची ती भाकरी मात्र कोणत्याही संकटकाळाची नव्हती. चांगल्या सुगीच्या वर्षीही ती तशीच झोळीत पडे. म्हणून तिची आठवण सांगणे अधिक कठीण गेले.

१९/
ती सांगण्याचे काम साहित्याने केले. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) गावकीची कामे आणि त्यांमागची लाज उघड मांडली. फलटण परिसरातील जीवन लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आषाढाचे वर्णन आहे. वर्षभराच्या अर्धपोटी दिवसांनंतर महारवाड्यात येणारा तो सणाचा महिना : सारवलेली घरे, न्हाणी, मांसाचा वास. अपमान आणि आनंद एकाच चुलीवर शिजत होते, हे तेथे दिसते.

२०/
पुढची पायरी पुण्यात पडली. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘इजंट धिस प्लेट इंडियन?’ हे दलित अन्नस्मृतींचे पुस्तक सिद्ध केले. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांचे पदार्थ, चान्यांसह, त्यात कृतींसकट नोंदले आहेत. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला.

२१/
त्याच २०१५ च्या मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली आणि गाईबरोबर बैल-वळूही बंदीच्या कक्षेत आले. एकाच वर्षी एक खाद्यपरंपरा पुस्तकात नोंदली गेली आणि तिचा एक भाग कायद्याने बंद झाला. १९२७ चा त्याग आणि २०१५ ची बंदी यांत मोठे अंतर आहे. पहिल्या वेळी काय सोडायचे हे खाणाऱ्यांनी आपल्या परिषदेत ठरवले होते. दुसऱ्या वेळी ते राज्याने ठरवले.

२२/
मग हे पदार्थ आज लिहून ठेवावेत का? ज्या अन्नामुळे हिणवले गेले, त्याचे नाव नातवाने पाककृती म्हणून घ्यावे, हे काही आजी-आजोबांना रुचत नाही. तर आपल्या आईच्या हाताची चव इतिहासातून पुसली जाऊ नये, असे नातवाला वाटते. दोघांचेही खरे आहे. सोडले ते अन्नाबरोबर येणारे नाते; रांधणाऱ्या हातांचे कसब सोडण्याजोगे कधीच नव्हते. आजोबांचा नकार आणि नातवाची नोंद शेजारी-शेजारी ठेवल्या, तरच हा इतिहास पुरा होतो.

२३/
पुन्हा कासारसाईच्या काठावर. निखारे तेच, धूर तोच. तेथे भाजलेला तुकडा माणूस स्वतः निवडतो, पैसे देऊन घेतो, नको असेल तर बाजूला सारतो. गावकुसाबाहेरच्या माणसाला ‘नको’ म्हणण्याचा हा हक्क बावन्न हक्कांच्या यादीत नव्हता. तो त्याने १९२७ नंतर, उपाशी राहण्याची तयारी ठेवून, मिळवला.

२४/
पुढल्या सणाला पंगतीत एखादी वयस्क व्यक्ती विशिष्ट पदार्थ मुकाट्याने बाजूला ठेवताना दिसली, तर आग्रह करू नये. त्या नकारामागे कदाचित एक दुष्काळ असेल, कदाचित एक परिषद. निवांत वेळी शेजारी बसून विचारावे. सांगावेसे वाटले, तर ती व्यक्ती सांगेल. दप्तरांत न सापडणारा बराच इतिहास अशा बाजूला ठेवलेल्या घासांत असतो.

(धागा समाप्त)