‘ईना मीना’तली कोकणी

‘जॅझ’ हा शब्द आधी खेळातला. १९१२-१३ला कॅलिफोर्नियात बेसबॉलच्या बातम्यांत तो जोम, उत्साह अशा अर्थी यायचा. संगीताला चिकटला नंतर, शिकागोत. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे बरेचसे गोव्याचे. तेच सिनेमाच्या वाद्यवृंदांतही असायचे, पण पडद्यावर त्यांची नावं क्वचितच. पुणतांब्याला, म्हणजे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांकडेही असे वादक होते. त्यांचं १९५७च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ आम्ही लावलं की ‘कसले हे निरर्थक शब्द!’ असं कुणीतरी म्हणतंच. निरर्थक कसे? मुलांच्या खेळातल्या मोजणीवरून ते सुचले, आणि जॉन गोम्स या गोव्याच्या साहाय्यकाने त्यांत कोकणी ‘माका नाका’ घातलं, असं सांगतात. म्हणजे चक्क ‘मला नको’! तेच देशभर हौसेनं गायलं गेलं.