नोंदवहीबाहेरचे रुग्ण

खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मनोविकारावरची गोळी मिळावी, ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वी मनोरुग्णाची वाट येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या इस्पितळाकडेच जाई, आणि ज्याला तिथवर नेण्याची ऐपत घरच्यांना नसे, तो सरकारी दप्तराच्या हिशेबी अस्तित्वातच नसे. १९७५ च्या सुमारास बंगलोरजवळ साकलवाडा आणि हरियाणात रायपूर राणी येथे आरोग्यसेवकांना व सामान्य डॉक्टरांना हे काम शिकवण्याचे प्रयोग झाले, १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमास मंजुरी मिळाली, आणि त्याचे पहिले मोठे परीक्षण १९८५ पासून पाच वर्षे कर्नाटकातील बल्लारी जिल्ह्यात झाले.

बल्लारीची व्यवस्था आजही अभ्यासावी अशी होती. केंद्राच्या डॉक्टरास अल्पमुदतीचे शिक्षण, फिट्स व तीव्र मनोविकारांवरच्या निवडक औषधांचा पुरवठा, रुग्णांची सोपी नोंद, आणि जिल्हा पातळीवर कामाचा दरमहा आढावा, एवढ्या साधनांवर एक सबंध जिल्हा सांभाळता येतो, हे तिथे दिसले. म्हणूनच १९९६ साली चार राज्यांतील एकेका जिल्ह्यात तीच घडी बसवण्याचा उपक्रम सुरू झाला. मात्र योजनेचा विस्तार झाला तसे तिचे मोजमाप उथळ होत गेले. किती डॉक्टर शिकवले, किती शिबिरे भरवली, मंजूर तरतुदीपैकी किती रक्कम खर्ची पडली, याचा तपशील अहवालात येई. पण गोळ्या संपल्यामुळे दोनदा रिकाम्या हाती परतलेला आणि तिसऱ्यांदा न आलेला रुग्ण नोंदवहीत केवळ एक कोरा रकाना होऊन राही, आणि त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ तो बरा झाला, की घराच्या मागच्या खोलीत पुन्हा कोंडला गेला, हे वरच्या कचेरीत कोणी विचारत नसे. माझ्या मते या कार्यक्रमाचे खरे दैन्य पैशाच्या टंचाईत नव्हे, तर या न विचारलेल्या प्रश्नात होते.

तुलनेने तपासण्याची शिस्त पुढे गोव्यात आली. तेथील चोवीस दवाखान्यांत, त्यांतले निम्मे सरकारी व निम्मे खाजगी, प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना कामास लावून काही दवाखाने तुलनेसाठी नेहमीच्या उपचारावरच ठेवले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सरकारी केंद्रांतील निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशक असलेल्या केंद्रांत ६५.९ टक्के, तर इतरत्र ४२.५ टक्के निघाले. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. केवळ यशाची बेरीज करणाऱ्या अहवालातून हा भेद कधीच उमटला नसता.

त्याहून पुढचे पाऊल विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत पडले. दवाखान्यात कोण आले, एवढ्यावर न थांबता तिथे घरोघरी जाऊन विषादग्रस्त माणसे शोधली गेली आणि त्यांपैकी उपचारापर्यंत किती पोहोचली, हे विचारले गेले. तुलनेसाठी वेगळी गावे नसल्यामुळे सर्वच श्रेय त्या उपक्रमाला देता येत नाही. तरीही २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत हे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलेले दिसले. म्हणजे इतक्या परिश्रमानंतरही शंभरांतील सत्तरांहून अधिक माणसे उपचाराबाहेरच राहिली होती, आणि ही संख्या कळली ती घरोघरी विचारल्यामुळेच.