लेप्टोची गोळी आणि मुरुमांची गोळी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लावणी जोरात होती. तळ्याकडं परत येताना वाटेत एका मेडिकलवर थांबलो. माझ्या पुढं दोन गिऱ्हाइकं. एक साठीचे शेतकरी, पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं, हातात डॉक्टरची चिठ्ठी. दुसरी कॉलेजची मुलगी, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. तिच्याकडं चिठ्ठी नव्हती, मोबाईलमध्ये रिकाम्या स्ट्रिपचा फोटो होता.

मेडिकलवाल्यानं दोघांसाठी एकच खोका काढला. डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅम. एक स्ट्रिप कात्रीनं कापून दोन कॅप्सूल काकांना दिल्या. अख्खी स्ट्रिप मुलीला.

काका म्हणाले, "पोरी, तू पण लावणीला जातेस का गं?"

ती ओशाळली. "नाही काका, मला पिंपल्ससाठी. सात महिने घेतेय. बंद केली की परत येतात."

ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण पंचवीसेक वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोलत होतो. बारावीला असताना माझा चेहरा मुरुमांनी भरला होता. आजीनं जायफळ उगाळून लावलं, आईनं मुलतानी माती, आत्यानं डाळीचं पीठ. शेवटी डॉक्टरांनी टेट्रासायक्लिन लिहून दिलं, एका महिन्यासाठी. मी तीच चिठ्ठी दाखवून वर्षभर कॅप्सूल घेतल्या. चिठ्ठीवरची तारीख कुणी वाचली नाही, मीही नाही.

ही कॅप्सूल आली कुठून आणि मुरुमांपर्यंत पोचली कशी, ते बघण्यासारखं आहे.

१९४५ साली अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या शेतातून मातीचा एक नमुना लेडर्ले नावाच्या औषध कंपनीकडं गेला. बेंजामिन डुगर हे सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ तिथं काम करत होते, आणि संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून सोन्यासारखं पिवळं औषध मिळालं. १९४८ मध्ये ते जगासमोर आलं, ऑरिओमायसिन या नावानं. टेट्रासायक्लिन घराण्यातलं हे पहिलं. आपली डॉक्सिसायक्लिन याच घराण्यातली, १९६७ मध्ये बाजारात आलेली.

१९४५ हे साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवा. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं त्याच वर्षी नोबेल स्वीकारताना सावध केलं होतं की औषध कमी मात्रेत घेत राहिलं तर जंतू मरणार नाहीत, उलट शिकतील.

आणि झालं नेमकं तेच. १९५० च्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आलं की टेट्रासायक्लिननं मुरुमही बसतात. मुरुम घाणीनं येत नाहीत. वयात येताना त्वचेखालच्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करायला लागतात, केसाच्या मुळाचं तोंड बुजतं, आत तेल साठतं आणि तिथं राहणारा एक जिवाणू फोफावतो. मग सूज, लाली, पू. ही औषधं त्या जिवाणूला आवरतात, शिवाय सूजही कमी करतात. त्यामुळं फरक खरोखर पडतो. पण बुजलेलं तोंड त्यानं उघडत नाही, ग्रंथींचं तेल थांबत नाही. म्हणून गोळी थांबली की मुरुम परत. मग गोळी थांबवायचीच नाही, असा रिवाज पडला. थोडी मात्रा, महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. न्यूमोनियाला अँटिबायोटिक दिवसांत मोजतात. मुरुमांना ते मोजायचंच राहून गेलं.

आपल्याकडं त्या काळात चित्र उलटं होतं. अँटिबायोटिक मिळणंच मुश्कील. म्हणून १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. १९५५ पासून तिथं पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. तिथंच डॉ. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचं नाव असं विज्ञानात कायमचं कोरलं गेलं. आज पिंपरी म्हटलं की किती जणांना हे आठवतं?

पुढं १९७० चा पेटंट कायदा आला. औषधावर नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर पेटंट. देशी कंपन्यांनी वेगळ्या पद्धतीनं तीच औषधं बनवली, भाव कोसळले. गरिबाला औषध परवडायला लागलं, ही मोठीच गोष्ट. पिंपरीचा कारखाना मात्र १९९० च्या दशकात आजारी उद्योगांत गेला. औषध महाग आणि दुर्मीळ होतं तेव्हा आपण ते मोजून घ्यायचो. स्वस्त झालं आणि मोजायचं विसरलो.

आता काकांच्या दोन कॅप्सूलकडं येऊ. लेप्टो म्हणजे काय हे कोकणात सांगावं लागत नाही. उंदरांच्या मुतातून जंतू साचलेल्या पाण्यात, शेताच्या चिखलात उतरतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. साधा ताप वाटतो, मग कावीळ, मूत्रपिंड, फुप्फुस. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर मुंबईत लेप्टोनं काय केलं ते अनेकांच्या लक्षात असेल. आपल्यासाठी तर लावणीचा प्रत्येक हंगाम जोखमीचा.

यावर डॉक्सिसायक्लिन चालते याचा एक मोठा पुरावा पनामाच्या जंगलातून आला. १९८२ मध्ये तिथं सरावाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटात २० जणांना लेप्टो झाला, औषधवाल्या गटात एकाला. पुरानंतर, चिखलात काम केल्यावर डॉक्टर ही गोळी देतात त्यामागं असे अभ्यास आहेत. स्क्रब टायफस या कीटकामुळं होणाऱ्या तापावरही हीच गोळी. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची साथ आली होती.

म्हणजे एकाच खोक्यातून जीव वाचवणारी गोळीही निघते आणि चेहऱ्याची गोळीही. काकांच्या गोळीला मात्रा ठरलेली, दिवस ठरलेला. मुलीच्या गोळीला शेवट नाही.

कुणी म्हणेल, तिनं मुरुमांसाठी घेतली तर काकांचा लेप्टो बरा व्हायचा थांबेल का? तसं थेट नाही. लेप्टोचा जंतू या औषधाला आजही दाद देतो. पण पोटात गेलेली गोळी फक्त गालावर जात नाही. आतड्यातले, घशातले, त्वचेवरचे सगळे जिवाणू सात महिने त्या औषधात राहतात. जे तगतात ते वाढतात, आणि तगण्याची युक्ती दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. मुरुमांच्या जिवाणूनं हे करून दाखवलंय. १९७० च्या दशकाच्या अखेरीस, चेहऱ्याला लावायच्या एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनला दाद न देणारे नमुने अमेरिकेत सापडले. पुढं ते जगभर दिसले. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळं थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा जागतिक अंदाज आहे. यात मुरुमांच्या गोळ्यांचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही, पण या घरात एक वीट आपलीही आहे.

कायदा आहे. डॉक्सिसायक्लिन शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ लागू झालं, त्यातल्या औषधांची मेडिकलवाल्याला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. त्या मूळ यादीत डॉक्सिसायक्लिन नव्हती. आणि कायदा कितीही असो, काउंटरवर मोबाईलचा फोटो चालतो हे तुम्हीही जाणता, मीही.

मी त्या मुलीला नावं ठेवणार नाही. मुरुमांचं दुःख ज्याच्या चेहऱ्यावर असतं त्यालाच कळतं. फोटोत मागं उभं राहायचं, लग्नाच्या बैठकीत लोकांची नजर गालावर. त्यात त्वचारोगतज्ज्ञाकडं जायचं म्हणजे एसटीचा प्रवास, एक दिवस मोडायचा, फी वेगळी. मेडिकल कोपऱ्यावर असतं. म्हणून उपदेश नको, कामाचं तेवढं सांगतो.

मुरुमांसाठी डॉक्टर पोटातून अँटिबायोटिक देतात, ते चुकीचं नाही. पण आजच्या मार्गदर्शनानुसार ते साधारण तीन-चार महिन्यांच्या वर नको आणि एकटं नको. सोबत चेहऱ्याला लावायचं औषध हवं. त्यातलं बेंझॉइल पेरॉक्साइड असं आहे की जिवाणू त्याला सरावत नाहीत. गोळी थांबल्यावर चेहरा टिकवायचं काम हे लावायचं औषध करतं. तरी मुरुम हटत नसतील तर आयसोट्रेटिनॉइनसारखं वेगळ्या जातीचं औषध आहे. पण त्यानं पोटातल्या बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून ते तज्ज्ञाच्या नजरेखालीच.

डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्यानं घ्यायची. घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत जखम होते. या गोळीवर उन्हानं कातडी भाजते, हे शेतात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल यांना डॉक्टरनं सांगितल्याशिवाय अजिबात नको. टेट्रासायक्लिन घराण्यातल्या औषधांनी मुलांचे दात कायमचे पिवळे पडू शकतात. आणि डॉक्टरनं लेप्टोसाठी दिली असेल तर हा लेख वाचून टाळू नका. ती घ्याच.

घरात कुणी मुरुमांसाठी कॅप्सूल घेत असेल तर आज स्ट्रिप बघू नका, चिठ्ठी बघा. तिच्यावर बंद करायची तारीख आहे का? नसेल तर ती विचारायला डॉक्टरकडं जा.

त्या दिवशी मेडिकलवर मी काहीच बोललो नाही. ओळख ना पाळख, परक्या मुलीला काय सांगणार? ती स्ट्रिप पर्समध्ये टाकून निघून गेली, काका दोन कॅप्सूल वरच्या खिशात घालून. तेव्हा सुचलं नाही, म्हणून आज इथं लिहिलं. तिच्यापर्यंत पोचलं तर बरं.