गुलाबाची बोंडं आणि आजीची शेवळं

इंग्लंडात पीएचडी करत होतो तेव्हाची गोष्ट. थेम्सच्या काठाने घरमालकीणबाईंबरोबर फिरत होतो. पाण्याजवळ कोथिंबिरीसारखी पानं दिसली आणि माझा देशी हात आपसूक पुढे गेला. ऐंशी पार केलेल्या बाई ओरडल्याच, "हात लावू नकोस!" ती निघाली हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्ट, ब्रिटनमधल्या सर्वांत विषारी वनस्पतींपैकी एक!

थोडं पुढे त्यांनी कुंपणातली रानगुलाबाची लाल बोंडं दाखवली. "ही मात्र लहानपणी आम्ही पिशव्या भरभरून तोडली."

मग मी जरा वाचन केलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे बाहेरून येणारी संत्री दुर्मिळ झाली. मुलांना क जीवनसत्त्व द्यायचं कुठून? या बोंडांत ते संत्र्याच्या कितीतरी पट असतं, हे तपासण्यांतून कळलं होतं. 1941 मध्ये आरोग्य खात्याने मोहीम काढली. शाळकरी मुलं, स्काउट, गावोगावची महिला मंडळं कामाला लागली आणि पहिल्याच हंगामात सुमारे 200 टन बोंडं जमली! त्यांचं सरबत लहान मुलांना मिळू लागलं.

पण बोंडाच्या पोटात बारीक कुसं असतात. पोटात गेली तर त्रास देतात. म्हणून बोंडं ठेचायची, उकळायची आणि दाट कापडातून गाळायची, अशी कृतीही सरकारने घरोघरी पोचवली.

याच देशात पहिल्या महायुद्धात उलट घडलं होतं. भाजीची टंचाई, म्हणून रुबार्बची पानं खायचा सल्ला दिला गेला. रुबार्बचे देठ खातात, पण पानांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर. लोक आजारी पडले, मृत्यूही झाला. झाड ओळखीचंच होतं, चुकला तो भाग!

म्हणजे झाड कोणतं, त्याचा भाग कोणता आणि कृती कोणती, ही तिन्ही उत्तरं पक्की हवीत. पावसाळ्याच्या तोंडावर आजी शेवळं करायची, पण काकडं मिळाली नाहीत तर शेवळंच आणायची नाही. "घसा धरेल रे!" इतकंच तिचं स्पष्टीकरण. ती खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटची, हे मला फार उशिरा कळलं. तिला रसायन ठाऊक नव्हतं, कृती मात्र पक्की होती.

पण आजीचं ते ज्ञान तिच्या रानापुरतं. माझ्याबरोबर विमानात चढली ती फक्त 'कोथिंबिरीसारखं दिसतं' एवढीच ओळख, आणि तेवढ्यावर त्या दिवशी मी जेवणार होतो!