लिव्हरच्या रिपोर्टमधली हार्ट अटॅकची गोष्ट

घरात कुणाचा लिव्हरचा रिपोर्ट असेल तर काढून बघा. त्यात एसजीओटी नावाची एक ओळ असते. आज डॉक्टर ती काविळीत बघतात. पण ही टेस्ट दवाखान्यात आली ती हार्ट अटॅकसाठी!

१९५४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन लाड्यू, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन यांनी दाखवलं की अटॅकनंतर रक्तात हे एन्झाइम वाढतं. तर्क साधा होता. हृदयाच्या स्नायूची पेशी मेली की फुटते आणि आतला माल रक्तात येतो. त्याआधी डॉक्टरांची भिस्त मुख्यतः पेशंटच्या तक्रारीवर आणि ईसीजीवर. ईसीजी मात्र काही वेळा अटॅक येऊनही साफ दिसतो.

पण एसजीओटी लिव्हरमध्येही असतं, त्यामुळे घोटाळा व्हायचा. पुढे सीपीके-एमबी आली. ती हृदयाच्या जास्त जवळची, तरी पूर्ण त्याची नाही.

खरा धागा सापडला जपानमध्ये. १९६०च्या दशकात सेत्सुरो एबाशी स्नायू आकुंचन कसा पावतो हे शोधत होते. त्यात ट्रोपोनिन हे प्रथिन सापडलं. अटॅकचा तिथे विषयच नव्हता! पुढे १९८९ मध्ये जर्मनीत ह्यूगो काटूस यांच्या गटाने हृदयातलं ट्रोपोनिन-टी रक्तात मोजायची टेस्ट मांडली. आपल्याकडे लोक जिला ‘ट्रॉप-टी’ म्हणतात ती हीच. २००० साली युरोप-अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी अटॅकची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने लिहिली.

रक्त सांगतं की इजा झाली. कुठे झाली, ते बघायला चित्र लागतं. १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंडमध्ये डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी जहाजाच्या गोदीतलं यंत्र उसनं आणलं. धातूतली भेग शोधायचं ते यंत्र त्यांनी छातीवर लावलं. आजच्या टू-डी इकोचं मूळ तिथे आहे. हृदयाची कुठली भिंत हलत नाही, पंपिंग किती उरलं, हे इको दाखवतो. पण न हलणारी भिंत मेली आहे की नुसती बधिर झाली आहे? ते एमआरआयने जास्त नीट कळतं. २००० साली शिकागोत रेमंड किम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गॅडोलिनियम दिल्यावर मेलेला भाग पांढरा उजळतो. तो डाग भिंतीच्या जाडीत जितका खोल, तितकी ती भिंत पुन्हा हलण्याची आशा कमी.

आता मुद्द्यावर येतो.

माझ्या नात्यातल्या एका काकांना रात्री ११ ला छातीत दुखायला लागलं. १२ च्या आत दवाखान्यात. ईसीजी नॉर्मल, ट्रॉप-टी निगेटिव्ह. ‘गॅस आहे’ म्हणून गोळी देऊन घरी पाठवलं. सकाळी परत नेलं तेव्हा दोन्ही टेस्ट बोलत होत्या. काका वाचले, पण पंपिंग ३० टक्क्यांवर. आज जिना चढताना दोनदा थांबतात.

टेस्ट खोटी नव्हती हो, ती लवकर केली होती. पेशीतला माल रक्तात यायला वेळ लागतो. साध्या कार्डवरच्या टेस्टला काही तास लागतात, नव्या हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्टला कमी. म्हणूनच ती पुन्हा करायची असते. हाय-सेन्सिटिव्हिटी असेल तर एक ते तीन तासांनी, साधी असेल तर सहा तासांच्या आसपास. ईसीजीसुद्धा परत काढायचा. आणि पहिल्याच ईसीजीत मोठा अटॅक स्पष्ट दिसत असेल, तर रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचंच नाही. थेट रक्तवाहिनी मोकळी करायच्या मागे लागायचं, कारण स्नायू दर मिनिटाला मरत असतो.

एवढं सगळं शोधून झालंय. आता आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात रात्री २ वाजता ईसीजी काढणारा माणूस आणि ट्रोपोनिनचं किट असतं का, हे विचारायचं काम आपलं. पुढच्या वेळी पुढारी मत मागायला आले की रस्त्याबरोबर हेही विचारा.

आणि दवाखान्यात असाल तर एकच वाक्य लक्षात ठेवा : ‘डॉक्टर, दुसरी टेस्ट कधी करायची?’